काशीला सोडलेली सुरमई

इनबाई, या अशा, जवळ या. दाराशी पाहुण्यासारखं बसायचं नाही. तीन वर्षं झाली लग्नाला, आणि तुम्ही आमच्या घरी आलात किती वेळा? एकदा. त्यातही पिशवी उघडली नाहीत. फोन केला की गुडघे दुखतात म्हणता. गुडघे माझेही दुखतात, म्हणून मी काय ते घरी ठेवून फिरते का? आज तुम्ही समोर नाही, कागदावर बसवून घेतलंय तुम्हाला, पण रागावणार ते रागावणारच. मग माझी चूक सांगणार. आधी तुमची, मग माझी, म्हणजे बरोबरी होईल.

दुसरं कुणी वाचत असेल तर त्याला सांगते, इनबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. आमच्याकडं विहिणीला असंच म्हणतात. त्यांचं घर मालवणच्या बाजूला, अंगणात उभं राहिलं की समुद्र ऐकू येतो म्हणे. आमचं घर सोलापुरात. आमच्या अंगणात शेजारचा मिक्सर ऐकू येतो. आम्ही मूळची मंगळवेढ्याच्या पलीकडची, मेंढरं-शेरडं राखणारी माणसं. हे एसटीत मेकॅनिक होते म्हणून शहरात आलो. मटण खाणारं घर आमचं, पण मासा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. कुणी बंदी घातली नव्हती. तो आलाच नाही, एवढंच.

आता त्या दिवसाचं. लग्नानंतर महिनाभरानं तुम्ही आलात, एवढ्या लांबून, एसटीत मांडीवर डबा धरून. डब्यात तळलेली सुरमई. आल्या आल्या हातपाय धुतलेत आणि स्वतः वाढायला उठलात. यांना वाढलीत, मुलाला वाढलीत, आणि माझ्या ताटाकडं वळलात तसा मी ताटावर हात आडवा धरला. "मला नको," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "थोडी चव तरी बघा." मी हात काढला नाही. उलट उठले आणि आत जाऊन भाकरी-चटणी खाल्ली. तुकडा तुमच्या हातातच राहिला. तुम्ही दोन दिवस राहणार होतात, त्याच दिवशीच्या गाडीनं परत गेलात. डबाही इथंच राहिला.

तुम्हाला वाटलं, बाईला आपल्या खाण्याची किळस आहे. तुमच्या लेकीलाही तेच वाटलं. तुम्ही दिलेले सुके बांगडे तिनं तीन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर टाकले, आणि पंधरा दिवसांनी बघितलं तर ते तिथं नव्हते. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्यानंतर तिनं या घरात मासा शिजवला नाही. भाकरी मात्र शिकली. माझ्यापेक्षा गोल करते.

किळस नव्हती, इनबाई. भानगड काशीची होती.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही गल्लीतल्या लोकांबरोबर काशीला गेलो. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची, जन्मभरासाठी. ही रीत तुमच्याकडंही असेल. आमच्या रेल्वेच्या डब्यात दोन दिवस तोच विषय. कुणी आंबा सोडणार, कुणी पान. एका बाईनं चहा सोडला, आणि परतीच्या गाडीत चहावाला आला की ती खिडकीकडं तोंड करून बसायची. माझ्या जावेनं कारलं सोडलं. जन्मात तिनं कारलं गिळलं नव्हतं. मी तिला घाटावरच झापलं.

"अगं, देवाला कळत न्हाय व्हय?"

"कळू दे की. देव काय माज्या घरी जेवाय येतोय?"

यांनी राग सोडला. तेव्हापासून हे रागावत नाहीत. नुसते ओरडतात.

मग माझी पाळी आली. मी गुडघाभर गंगेत, भटजी घाई करतायत, मागं रांग. मी मनातल्या मनात एकेक वस्तू काढून बघितली. शेंगाची चटणी सोडावी, तर पुढचं जेवायचं कशाशी? वांगं सोडावं, तर मग संक्रांतीला काय? मटण सोडावं, तर बिरोबाच्या जत्रेला सगळे जेवताना मी काय मेंढरं मोजत बसू? तेवढ्यात माझं डोकं चाललं. नको इतकं चाललं. "समुद्रातले मासे सोडले," म्हणाले आणि ओंजळीनं पाणी सोडलं. समुद्र मी बघितलेला टीव्हीत. त्यातला मासा बघितलेला तोही टीव्हीतच.

जाऊ शेजारीच उभी होती. म्हणाली, "आन मला शिकवत हुतीस."

घरी आल्यावर लोक विचारायचे, काय सोडलं? मी म्हणायची, सोडलेलं बोलून दाखवू नये. त्यानं माझं नावच झालं. बायका म्हणायच्या, केवढं मोठं काही सोडलं असेल बाई, बोलतसुद्धा नाही. यांनाही सांगितलं नाही, मुलालाही नाही. जाऊ गावाकडं, आणि तिचं कारलं असल्यामुळं ती बोलायची नाही. आठ वर्षं मजेत गेली. मग मुलानं लग्न ठरवलं ते समुद्राकाठच्या मुलीशी.

तर तुम्ही तुकडा घेऊन समोर उभ्या, नवी सून बाजूला, हे पाटावर. मी काय सांगणार होते? की इनबाई, मी गंगेत उभी राहून देवाला टोपी घातलीय? त्यापेक्षा आत जाऊन भाकरी खाणं सोपं वाटलं. उद्या सांगू म्हणाले. त्या उद्याला तीन वर्षं लागली.

यंदा विजापूर रोडला माशांचं मोठं हॉटेल निघालं. मुलगा म्हणाला, "आई, साधंच आहे, पण भारी आहे." मला काही कळलं नाही. जाऊन आल्यावर कळलं. चप्पल घालून गेलं तरी चालतं, पण चप्पल चांगली पाहिजे.

लग्नाचा तिसरा वाढदिवस जवळ आला होता. तीन वर्षांत तुमच्या लेकीनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, आपण सगळे जाऊया का त्या हॉटेलात? माझ्या आईलापण बोलावते. ती येईन म्हणालीय."

"जाऊ की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पण त्या घडीपासून माझं कशात लक्ष लागेना. गेले आणि खाल्लं नाही, तर परत तोच हात, तेच ताट, आणि ह्या वेळी सगळ्या हॉटेलासमोर. खाल्लं तर गंगेचं पाणी. मग म्हटलं, जाणंच पुढं ढकलावं. आमच्या घरात ते अवघड नाही. वार आहेत.

आमच्या घराचे वार ऐका. सोमवार सिद्धेश्वराचा. तो सगळ्यांचा, त्यात विचारण्यासारखं काही नाही. शनिवार मारुतीचा आणि रविवार खंडोबाचा, हे दोन्ही यांचे. गुरुवार मुलाचा. नोकरी लागावी म्हणून धरला, आणि नोकरी लागल्यावर सोडायचं धाडस झालं नाही. मंगळवार देवीचा, तो माझा. ह्यातल्या कुठल्याही वारी एकाचं तरी ताट रिकामं राहणार. उरले बुधवार आणि शुक्रवार.

मुलगा भिंतीवरचं कॅलेंडर काढून मधे घेऊन बसला.

"शुक्रवारी जाऊ."

"शुक्रवार मी धरलाय," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"ह्या महिन्यापासून."

"आई, गेल्या शुक्रवारी तू रस्सा ओरपलास."

"म्हणून तर धरला."

यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "शुक्रवार कुटल्या देवाचा?"

"लक्ष्मीचा."

"आन मंगळवार?"

"तो आंबाबाईचा."

"एका बाईला दोन-दोन वार?"

"तुमी न्हाय दोन देव धरलेत? मी इचारलं का कवा?"

तेवढ्यात तुमची लेक आतून आली. तिनं हॉटेलला फोन लावला होता. टेबल मिळेल का, हे विचारायला नव्हे. मासा कुठल्या दिवशी येतो, हे विचारायला. "मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे बर्फाची गाडी येते रत्नागिरीहून," ती म्हणाली. "म्हणजे बुधवारी एका दिवसाचा मासा. चालतो. दोन दिवसांचा असता तर मी नको म्हटलं असतं." एका दमात ती एवढं बोललेली मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी तिचं बोलणं म्हणजे व्हय आई, नाही आई, कुकर लावू का आई.

"ठरलं, बुधवार," मुलगा म्हणाला.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "बुधवार पांडुरंगाचा असतोय."

यांनी पेपर परत तोंडासमोर धरला. सुनेनं कॅलेंडर उचललं, खिळ्याला लावलं, सरळ केलं. "राहू दे आई," म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर राहू दे."

"नको कुटं म्हटलं मी?"

"तसं नाही म्हणालात," ती म्हणाली, आणि दोरीवरचे कपडे काढायला मागं गेली. कपडे तासाभरापूर्वीच वाळत घातले होते. पाणी गळत होतं त्यांतून.

मी पाठोपाठ गेले. काय सांगणार होते ठाऊक नाही, पण गेले. ती चादरीच्या पलीकडं, फोनवर, तुमच्याशी बोलत होती. "आये, तू येव नको गो. हेंका आमचा खाणा चलत नाय."

तुमची बोली मला सगळी कळत नाही, इनबाई. पण 'येव नको' कळायला कोकणात जन्मावं लागत नाही. तुम्ही पलीकडून काय म्हणालात ते ऐकू आलं नाही. ती फक्त "बरां" म्हणाली आणि फोन ठेवून ओले कपडे काढत राहिली.

मी चादरीच्या अलीकडं उभी. गंगेत केलेल्या हुशारीपायी एक आई लेकीच्या घरी यायची थांबली होती. आणि ही पोर आमच्या घरात अजून किती वर्षं अशी पाहुण्यासारखी राहील, ह्याचा मला अंदाज येईना. ते कपडे मग मी तिच्या हातातून घेतले आणि परत दोरीवर घातले.

जेवताना मी सांगून टाकलं. "बुधवारी जायचं."

"आणि पांडुरंग?" मुलगा.

"त्याला इचारलं. चालतंय म्हनला."

हे म्हणाले, "तुजं आन देवांचं बरं जमतंय."

सुनेला म्हटलं, आईला परत फोन कर. ती ताटाकडं बघत म्हणाली, "ती नाही येणार आता. तिचे गुडघे दुखतात." तेव्हा मला कळलं की गुडघ्याचं औषध दवाखान्यात मिळायचं नाही.

बुधवारपर्यंत घरात तयारी चालली ती एखाद्याच्या साखरपुड्यासारखी. यांना काट्याची धास्ती. मटणाचं हाड दिसतं, हातात धरता येतं, त्याच्याशी बोलतासुद्धा येतं. काटा मात्र न सांगता आत जातो, असं यांचं म्हणणं. सुनेनं कागदावर मासा काढून दाखवला. "बाबा, सुरमईत मधला एकच काटा. बाकी नुसतं लोणी."

"आन तो एकच मला आला तर?"

"तो सगळ्यांनाच येतो, बाबा. बाजूला काढायचा."

हे बराच वेळ कागद बघत राहिले. मग मुलाला हळूच म्हणाले, "तितं मटान मिळतंय का इचारून ठिव. आपलं असू दे."

मी पिशवीत चार कडक भाकरी आणि चटणीची पुडी घातली. काटा अडकला तर कोरडा घास गिळायचा असतो, असं सांगितलं. कडक भाकरीनं काटा जातो की घसा, हे कुणी विचारलं नाही. खरं कारण म्हणजे मला खायला काहीतरी लागणार होतं. निघायच्या आधी सगळ्यांना पिठलं-भाकरीचे दोन-दोन घास खायला लावले. परक्या ठिकाणी उपाशी जायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त आहे. लग्नाला निघालो तरी खाऊन निघतो. यांनी दोन घासांच्या नावाखाली दीड भाकरी खाल्ली. सून एकटी म्हणाली, "नाही आई. मी तिथंच खाईन." तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा माझं ऐकलं नाही. मला बरं वाटलं.

हॉटेलात शिरल्यावर आधी गारठा लागला. भिंतीवर खरं जाळं टांगलेलं, त्याला शिंपले बांधलेले. पाण्याला टँकरची वाट बघणाऱ्या गावात जाळं तेवढं चांगलं सुकलेलं होतं. टेबलावर कापडी रुमाल, घडी घालून बदक केलेला. यांनी आपलं बदक उलगडलं, आणि मग परत बदक करायच्या खटपटीला लागले. आमचा वेटर पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा, अक्कलकोटच्या पलीकडचा. मराठी बोलताना मधेच कन्नड हेल काढायचा. त्यानं प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं. मी लिहायला-वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून, त्यामुळं मराठी येतं. हे सगळं इंग्रजीत. मी माशांची चित्रं बघितली आणि पुस्तक मिटलं.

तुमच्या लेकीनं तर उघडलंही नाही. "मासा बघायला मिळेल?" तिनं विचारलं.

वेटरनं बर्फाच्या ओट्यापाशी नेलं. मीही मागोमाग गेले, कारण टेबलाशी बसून हात कुठं ठेवावे कळेना. ओट्यावर दहा-बारा जातींचे मासे पसरलेले. ती पुढं झाली, एकाचा कल्ला बोटानं उचलून आत बघितला, अंगठ्यानं पोट दाबलं.

"हा नको. डोळा खाली गेलाय."

"आजच आलाय, मॅडम."

"बाकीचे काल पहाटे आलेत. मंगळवारची गाडी ना तुमची? आणि हा त्याच्याही आधीचा आहे."

वेटरनं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ताई, तुम्हीच घ्या तुमच्या हातानं."

इनबाई, मला माझे वडील दिसले. ते बाजारात असंच बकऱ्याचं तोंड उघडून दात बघायचे, आणि व्यापारी दुसरीकडं बघायला लागायचा. मलाही तेच येतं. जत्रेचं बकरं अजून मीच पारखते. ही पोर तीन वर्षं माझ्या घरात, आणि तिला एवढं कळतं हे मला ठाऊक नव्हतं. कळणार कसं? मी तिला फक्त भाकरी शिकवत होते.

तिनं निवडलेली सुरमई तळून आली. रवा लावलेली, कडेनं कुरकुरीत, वर लिंबाची फोड. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगते. तुमच्या डब्याच्या वेळी भीतीनं वाससुद्धा घेतला नव्हता मी. इथं पळून जायला स्वयंपाकघर नव्हतं.

वेटर वाढायला लागला तसं तिनं त्याच्या हातातून ताटली घेतली. यांना वाढलं. मुलाला वाढलं. मग माझ्यापाशी आली आणि थांबली. विचारलं काही नाही. नुसती थांबली, तुकडा उचलून. अगदी तुमच्यासारखी थांबते ती.

आणि माझा हात गेलेला होता ताटावर. मी नेला नव्हता, तो गेला.

तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं, आता नाही सांगितलं तर मग मेल्यावरच. "थांब पोरी," म्हणाले. "किळस न्हाय गं. काशीला सोडलाय."

"काय सोडलंस?" मुलगा.

"समुद्रातले मासे."

हे घास थांबवून म्हणाले, "मासे? तू कवा खाल्ले हुतेस मासे?"

"न्हाय खाल्ले. म्हनून तर सोडले."

मग हे एवढ्यानं ओरडले की आतून एक स्वयंपाकी बाहेर येऊन बघून गेला. "मी राग सोडला! राग! आन तू जे कदी तोंडात घातलं न्हाय ते सोडून आलीस? आन गावभर पुण्यवान म्हनून मिरवलीस?"

"मी कुटं मिरवले? मी तर बोललेच न्हाय."

सून तशीच उभी. "म्हणजे माझ्या आईनं वाढलं तेव्हा..."

"व्हय."

"आणि हे सगळे वार..."

"मंगळवार खराय," मी म्हणाले.

तिनं तुकडा स्वतःच्या ताटात ठेवला, खाली बसली आणि रुमालाचं बदक उलगडून तोंडावर धरलं. खांदे हलत होते. मुलगा घाबरला. मीही घाबरले. मग रुमालामागून आवाज आला तेव्हा कळलं, ती हसतेय. डोळ्यांत पाणी कसलं होतं ते मी बघितलं नाही. रुमाल तिचा, ती बघून घेईल.

डोळे पुसून ती सरळ वकिलासारखी बसली. "आई, गंगेत नेमकं काय म्हणालात? शब्द सांगा."

"समुद्रातले मासे सोडले."

"नदीचे नाही ना सोडले?"

"नदीचं कोन बोलतंय?"

तिनं वेटरला बोलावलं. "नदीचा मासा काय आहे? उजनीचा, कसलाही चालेल."

वेटरनं छाती पुढं काढली. "नाही ताई. आपल्याकडं सगळं समुद्राचं. धरणाचा मासा आपण आत घेतच नाही."

"उजनी हितनं तासा-दीड तासावर," यांचा आवाज परत चढला, "आन तुमी रत्नागिरीस्नं—"

"बाबा, राग सोडलाय," मुलगा म्हणाला.

मग मुलगा म्हणाला की कोळंबी काही मासा नव्हे, ती वेगळ्याच जातीत जाते. सूनही आशेनं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, नको. एकदा फसवलंय देवाला, आता तोही लक्ष ठेवून असेल. आणि दुसरं असं, इनबाई, की सोडायची वस्तू आवडीची असावी लागते. ती सुरमई अकरा वर्षं माझ्या आवडीची नव्हती. त्या बुधवारी झाली. माझं सोडणं तिथनं सुरू झालं, आणि सांगते, सोपं नाही. जावेला हे कळवलेलं नाही. कारल्याच्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं तर ती मला शिव्या देईल.

मी पिशवीतून कडक भाकरी काढली. मोडताना तिचा आवाज झाला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, अशी पाटी दारातच होती, मराठीत, मी वाचलेली. मिशीवाला वेटर आला. भाकरीकडं बघितलं. वाकून हळूच म्हणाला, "आजी, कुठली ज्वारी?"

"मंगळवेढ्याची."

त्यानं मला एक रिकामी बशी आणून दिली. मी त्याला पाव भाकरी दिली. ती घेऊन तो जाळ्यामागं गेला.

सुनेनं माझ्यापुढं सोलकढी ठेवली. ह्यात मासा नाही ना, हे मी तीनदा विचारलं. भाकरी तीत चुरली. आंबटशी, गुलाबी, लई काही वाईट नव्हती. तुमच्या लेकीनं माझ्या हातातला तुकडा घेतला आणि माशाच्या कालवणात बुडवून खाल्ला. परत एक घेतला. "आईला सांगायला पाहिजे," म्हणाली, "भाकरीशी लागतं हे." ती फोन काढायला लागली तसा मी तिचा हात धरला. म्हटलं, तू नको. हात माझा आडवा आला होता, मीच सांगते. यांनी सुरमईचे चार तुकडे खाल्ले, मधला काटा चारही वेळा सगळ्यांना दाखवला, आणि जाताना वेटरला विचारलंच, मटण का ठेवत नाही.

मी फोन हातात घेतला दोनदा. तुमचं "हॅलो" ऐकलं की मी तब्येतीचं विचारायची आणि ठेवून द्यायची. म्हणून हे लिहिलं.

आता ऐका. बुधवार आणि शुक्रवार मोकळे केलेत. ते मी कधी धरलेच नव्हते, त्यामुळं सोडायला काशीला जावं लागलं नाही. मंगळवारी मात्र येऊ नका. तवा वेगळा काढलेला नाही. ज्या तव्यावर भाकरी होते त्यावरच तुम्ही मासा तळायचा. मी शेजारी बसून वास घेणार. वास मी सोडलेला नाही. वाढताना माझ्या ताटापाशी थांबू नका, भाकरी माझ्याकडं असेलच. पण बसायचं माझ्याच शेजारी. पोर आता बोलायला लागलीय घरात. परवा यांना म्हणाली, बाबा, ओरडू नका, मासा करपतोय. मासा नव्हता, पोळी होती, पण आम्हाला सगळ्यांना कळलं.

गुडघ्यांचं म्हणाल तर आमचं घर खालीच आहे. एक पायरी, तीही झिजून अर्धी झालेली. मुलगा स्टँडवर घ्यायला येईल. तुमचा डबा घासून फळीवर ठेवलाय. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत, आणि भरलेला मी पोस्टानं पाठवणार नाही. तो न्यायला तुम्हालाच यावं लागेल. ह्या शुक्रवारी जमत नसेल तर पुढच्या बुधवारी, पण या. बॅग मोठी आणा.